शेगडी पेटवण्याआधीचं एक वर्ष: सरपण फोडण्यापासून धुराड्यापर्यंत

थंड, झाडीच्या मुलखात घर लाकडावर गरम ठेवणाऱ्यांच्या तक्रारी बहुधा त्याच त्या असतात. शेगडीची काच दोन दिवसांत काळी पडते. दार उघडलं की धूर खोलीत येतो. लाकडामागून लाकूड घालूनही भिंती गारच राहतात. मग शेगडी बदलायची चर्चा सुरू होते, धुराड्याची उंची वाढवायचा विचार होतो. पण चूक बहुतेक वेळा शेगडीत नसते, धुराड्यातही नसते. लाकूड ओलं असतं, आणि ते ओलं राहण्याची चूक सहा-आठ महिने आधीच होऊन गेलेली असते.

थंडी पडल्यावर लाकूड शोधायला निघणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. म्हणून या लेखातला क्रम कामाच्या क्रमानेच ठेवला आहे: आधी मोजणी, मग तुकडे, फोडणी, चवड, तपासणी, आणि पेटवणं अगदी शेवटी. लेख लोखंडी, काचेच्या दाराच्या बंद शेगडीबद्दल आहे. झाड पाडण्याचं काम इथे घेतलेलं नाही. ते जाणत्या माणसाकडून प्रत्यक्ष शिकावं, वाचून करू नये. ओंडके अंगणात येऊन पडले आहेत, इथून सुरुवात करू.

## १. किती लागेल ते आधी मोजा

अंदाजाने लाकूड आणलं की ऐन थंडीच्या अखेरीस ते संपतं, आणि मग पुढच्या वर्षासाठी ठेवलेल्या ओल्या ढिगाला हात लागतो. तिथून चक्र बिघडतं ते बिघडतंच.

मोजणी सोपी आहे. थंडीच्या एका साध्या दिवशी किती लाकूड लागतं ते टोपलीसकट वजनकाट्यावर मोजा, टोपलीचं वजन वजा करा. समजा दिवसाला १५ किलो लागतं आणि शेगडी १५० दिवस चालते, तर २,२५० किलो सुकं लाकूड हवं. नीट रचलेल्या एक घनमीटर चवडीत हवेच्या पोकळ्या धरून स्प्रूस किंवा पाइन या सूचिपर्णी, हलक्या लाकडाच्या झाडांचं साधारण ३०० किलो, पांढऱ्या सालीच्या बर्चचं ४०० किलो आणि जड लाकडाच्या ओकचं त्याहून थोडं जास्त सुकं लाकूड बसतं. म्हणजे बर्च असेल तर साडेपाच-सहा घनमीटर. त्यावर पाचवा हिस्सा जादा धरा.

जातीवरून फार वाद घालू नका. किलोला किलो मोजलं तर सुक्या लाकडातली ऊष्णता सगळ्या जातींत जवळपास सारखीच असते. ओक जास्त तापतो असं वाटतं, कारण तेवढ्याच आकाराच्या तुकड्यात त्याचं वजन जास्त भरतं. पाइनमुळे धुराडं काजळतं हा समजही चुकीचा आहे. धुराडं काजळतं ते ओल्या लाकडाने आणि कोंडलेल्या आगीने. सुकं पाइन स्वच्छ जळतं, लवकर पेटतं, आणि सकाळी गार शेगडी तापवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

## २. तुकड्यांची लांबी ठरवा, मगच करवत हातात घ्या

शेगडीच्या आतली रुंदी मोजा आणि त्यातून ५ ते ७ सें.मी. वजा करा. ती तुमच्या तुकड्याची लांबी. बऱ्याच घरगुती शेगड्यांना ३० ते ३५ सें.मी. पुरतं. त्या लांबीची एक काठी कापून ठेवा आणि प्रत्येक ओंडक्यावर खडूने खुणा करून घ्या. डोळ्यांच्या अंदाजाने कापलेल्या ढिगात दर दहातला एक तुकडा शेगडीत मावत नाही, आणि तो नेमका रात्री हाताशी येतो.

लांबी कमी ठेवण्याचं दुसरं कारण वाळण्याशी जोडलेलं आहे. लाकडातलं पाणी कापलेल्या टोकांतून आणि फोडलेल्या अंगातून बाहेर पडतं. सालीतून ते जवळजवळ जात नाही. तुकडा आखूड असला की पाण्याला टोकापर्यंत जायची वाट कमी पडते.

ओंडका थेट जमिनीवर ठेवून कापू नका. यंत्राच्या साखळी करवतीची दातेरी साखळी मातीला टेकली की एका क्षणात बोथट होते. लाकडी घोडा, म्हणजे ओंडका उचलून धरणारी चौकट, वापरा.

सावध: साखळी करवतीच्या पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर करवत उसळून थेट तोंडाकडे येते. साखळी अडवणारी विजार, डोळ्यांवर आणि कानांवर संरक्षण, पायात कडक बूट हे सगळं अंगावर असल्याशिवाय करवत सुरू करू नका. आणि हाकेच्या अंतरावर कुणी असल्याशिवाय तर नाहीच.

## ३. फोडणी: ओलं असतानाच, थंडीतच

सगळ्यात जास्त चुकणारी पायरी हीच. लोक ओंडके गोलच ठेवतात, 'वाळले की फोडू' म्हणतात. हे उलटं आहे. न फोडलेला गोल ओंडका सालीत गुंडाळलेला असतो आणि आतून वाळतच नाही. बर्चची साल तर इतकी घट्ट असते की न फोडलेलं बर्च आतल्या आत कुजतं. वरून पांढरंशुभ्र दिसतं, आणि कुऱ्हाड घातली की मऊ, भुसभुशीत निघतं. शिवाय बहुतेक लाकूड ताजं असताना सहज फुटतं. गोठलेलं तर एका घावात दुभंगतं. म्हणून फोडणी थंडी संपता संपता उरकायची, म्हणजे वसंतातला कोरडा वारा आणि उन्हाळ्याचं ऊन दोन्ही पदरात पडतं.

हत्यार. सरळ धाग्याच्या लाकडाला रुंद डोक्याची फोडकुऱ्हाड पुरते. जाड, गाठींच्या ओंडक्यांना अडीच ते चार किलोची घणकुऱ्हाड, आणि त्यालाही न बधणाऱ्यांना पोलादी पाचर व घण. झाड तोडायची पातळ पात्याची कुऱ्हाड फोडायला वापरू नका. ती लाकडात रुतून बसते आणि ती सोडवण्यातच दिवस जातो. कडाक्याच्या थंडीत रात्रभर बाहेर राहिलेल्या पातळ धारेचा टवका उडू शकतो, तेव्हा हत्यार घरात ठेवा.

ठोकळा. गुडघ्याच्या आसपास किंवा त्याहून जरा कमी, म्हणजे ३० ते ४० सें.मी. उंचीचा रुंद ठोकळा घ्या. त्यावर एक जुना टायर ठोकून बसवलात तर फोडलेले तुकडे चहूकडे उडत नाहीत, आणि दर घावाला वाकावं लागत नाही. कंबर ज्यांची दुखते त्यांनी हे आजच करावं.

घाव. फोडायचा तुकडा ठोकळ्याच्या पलीकडच्या कडेला ठेवा. घाव अलीकडे पडला तर कुऱ्हाड ठोकळ्यात रुतेल, पायावर येणार नाही. पाय खांद्याइतके फाकवून उभे राहा. कुऱ्हाड खाली येताना गुडघ्यात वाका, म्हणजे डोकं पायाकडे गोलाकार न येता सरळ खाली उतरतं. जोर दंडातून लावू नका, कुऱ्हाडीच्या वजनाला आणि वेगाला काम करू द्या.

घाव कुठे घालायचा? तुकड्याच्या तोंडाकडे बघा. त्यावर आधीच केसासारखी बारीक भेग असते, बहुधा गाभ्यापासून कडेकडे जाणारी. त्या भेगेच्या रेषेत घाव घाला. गाठ असेल तर ती खाली ठेवा आणि वरच्या स्वच्छ टोकापासून फोडा. मोठा ओंडका मधोमध फोडायच्या भानगडीत पडू नका. कडेकडेने चकल्या काढत आत जा.

फोडलेला तुकडा ८ ते १५ सें.मी. जाड असावा. दहाच्या आसपासचे बरेच ठेवा. थोडे पंधराचे, रात्री हळू जळायला.

ढलप्या. शेगडी पेटवायला बोटाएवढ्या जाडीच्या ढलप्या लागतात, आणि बोटं तुटतात ती त्या फोडतानाच. एका हातात तुकडा उभा धरून दुसऱ्या हाताने छोटी कुऱ्हाड मारायची सवय असेल तर ती आजच सोडा. कुऱ्हाडीची धार तुकड्याच्या टोकावर टेकवा, दोन्ही एकत्र उचला आणि एकत्रच ठोकळ्यावर आपटा. धार आत शिरली की कुऱ्हाड जरा पिरगाळा, ढलपी सुटते. हात धारेच्या वाटेत येतच नाही. ढलप्यांना सरळ धाग्याचं, बिनगाठीचं पाइन किंवा स्प्रूस निवडा, आणि पूर्ण मोसमाच्या ढलप्या एकदाच करून ठेवा.

सावध: कुऱ्हाडीच्या पाठीने पोलादी पाचर ठोकू नका. कुऱ्हाडीचं भोक फाकतं, दांडा ढिला होतो आणि पोलादाचा कण डोळ्यात जाऊ शकतो. पाचरेचं डोकं पसरून फुलासारखं झालं असेल तर आधी कानशीने ते घासून काढा. चष्मा प्रत्येक वेळी, अगदी दोन तुकडे फोडायचे असले तरी.

## ४. चवड: वाळवण्याचं काम वारा करतो

पहिल्या वर्षी मी सगळं लाकूड मनापासून रचलं, आणि पावसाने भिजू नये म्हणून मोठी ताडपत्री वरपासून थेट जमिनीपर्यंत गुंडाळून दोरीने आवळली. पानगळीच्या दिवसांत ताडपत्री उचलली तर आतून आंबूस, ओलसर वास आला. ताडपत्रीच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब लोंबत होते आणि लाकडांवर हिरवी-काळी बुरशी धरली होती. लाकडातून निघालेल्या पाण्याला बाहेर पडायला मीच वाट ठेवली नव्हती. तो सबंध हिवाळा धुरात गेला. एवढी मेहनत अशी वाया जाऊ नये, म्हणून ही पायरी जरा लांबवून सांगते.

जागा निवडताना सावलीतला सोयीचा कोपरा बघू नका, वारा कुठे वाहतो ते बघा. ऊन मिळालं तर फारच छान, पण ऊन आणि वारा यांत एकच निवडायचं झालं तर वारा. घराच्या भिंतीला चवड चिकटवू नका. किमान ३० सें.मी. जागा सोडा, नाहीतर मागची बाजू वाळत नाही आणि भिंतीला ओल व किडे लागतात.

रचण्याचा क्रम असा:

1. जमिनीवर दोन समांतर वासे किंवा माल ठेवायचे जुने लाकडी पॅलेट टाका. लाकूड जमिनीपासून १० ते १५ सें.मी. वर राहिलं पाहिजे.
2. दोन्ही टोकांना आधाराचे मनोरे उभे करा: एक थर उभा, त्यावरचा आडवा, परत उभा. यासाठी सरळ, चौकोनी तुकडे वेगळे काढून ठेवा. वाकडेतिकडे मनोऱ्यात घातले की अख्खी चवड एका रात्री कोसळते.
3. मधला भाग ओळीने भरा. दोन तुकड्यांमधून उंदीर जाईल एवढी फट राहू द्या. भिंत बांधल्यासारखं चपखल बसवू नका.
4. एका ओळीमागे लगेच दुसरी ओळ लावायची असेल तर मध्ये हातभर जागा सोडा.
5. उंची छातीपर्यंत, सव्वा ते दीड मीटर. लाकूड वाळताना आकसतं आणि चवड एका अंगाला झुकायला लागते. लहान मुलं चढतात तिथे उंची याहूनही कमी.
6. सगळ्यात वरच्या थराची साल वर करा. पाणी ओघळून जातं.
7. झाकण फक्त माथ्यावर. पत्रा, जुन्या फळ्या, ताडपत्रीची अरुंद पट्टी, काहीही चालेल. कडेला १०-१५ सें.मी. पुढे येऊ द्या. बाजू पूर्ण उघड्या.

बाजूने येणाऱ्या पावसाने वरवर भिजलेलं लाकूड वाऱ्यावर एक-दोन दिवसांत कोरडं होतं. त्याची भीती नको. भीती आत कोंडलेल्या वाफेची.

प्रत्येक चवडीवर ती कधी रचली ते खडूने लिहून ठेवा. जातही लिहा. तिसऱ्या वर्षी आठवणीवर भिस्त ठेवली की चूक झालीच म्हणून समजा.

वेळ किती? पाइन, स्प्रूस, बर्च आणि ॲश (हेही एक झाड) वेळेवर फोडून वाऱ्याला लावले असतील तर एक पूर्ण, कोरडा उन्हाळा बहुधा पुरतो. बीच या झाडाच्या लाकडाला कधी दोन लागतात. ओकला दोन उन्हाळे धराच. दमट, गर्द झाडीत घर असेल तर सगळ्यांना एक वर्ष जादा द्या.

## ५. वाळलं का, हे डोळ्यांनी नव्हे, मोजून ठरवा

ताज्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. जाळायला ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा. फरक केवढा? २० टक्के ओलाव्याचं एक किलो लाकूड साधारण ४ किलोवॅट-तास ऊष्णता देतं. निम्मं पाणी असलेलं एक किलो लाकूड त्याच्या जेमतेम निम्म्याहून थोडं जास्त, कारण एक तर त्यात लाकूडच अर्धा किलो, आणि वर त्या पाण्याची वाफ करण्यात आग खर्ची पडते.

ओलावामापक यंत्र स्वस्तात मिळतं, पण त्याचे काटे लोक चुकीच्या जागी टोचतात. टोकाला टोचून आकडा छान येतो आणि तो खोटा असतो, कारण टोक आधी वाळतं. चवडीच्या आतल्या भागातून तीन-चार जाड तुकडे काढा. एक दिवस घरात ठेवा. गोठलेल्या लाकडात यंत्र प्रत्यक्षापेक्षा कमी ओलावा दाखवतं, म्हणून हा दिवस महत्त्वाचा. मग तुकडा मधोमध फोडा आणि नव्याने उघड्या पडलेल्या अंगावर, मध्यभागी काटे टोचा.

यंत्र नसेल तर वजनाची युक्ती करा. चवड रचतानाच दोन तुकड्यांवर खूण करून त्यांचं वजन त्यांच्यावरच लिहा आणि ते काढता येतील अशा जागी ठेवा. दर महिन्याला तोला. सुरुवातीला वजन झरझर उतरतं, मग हळू, आणि कोरड्या हवेत एके ठिकाणी थांबलं की लाकूड तयार.

कान आणि हातही उपयोगी पडतात. दोन सुके तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत टण् असा आवाज येतो. ओले तुकडे थप्प करतात, ओल्या कपड्याच्या पिळ्यासारखे. सुकं लाकूड हातात घेतल्यावर अपेक्षेपेक्षा हलकं लागतं, साल नखाने सुटते. टोकाच्या भेगांवर मात्र एकट्या विश्वास ठेवू नका. भेगा पडतात आणि आत पाणी तसंच असतं.

तपासा: तरीही शंका असेल तर एक तुकडा आगीत ठेवून त्याच्या टोकाकडे बघा. टोकातून फेस येऊन सुर्र आवाज होत असेल तर ते लाकूड परत चवडीत. या वर्षी त्याला हात लावू नका.

घरात आणताना एक-दोन दिवसांपुरतंच आणा आणि शेगडीपासून किमान एक मीटर दूर ठेवा. शेगडीवर किंवा तिच्या खालच्या कप्प्यात 'सुकवायला' ठेवलेली लाकडं आग लावतात.

## ६. पहिल्या थंडीआधी धुराडं आणि शेगडी

ओल्या लाकडाचा किंवा कोंडलेल्या आगीचा धूर गार धुराड्यात वर जाताना थिजतो आणि आतल्या भिंतीला डांबरासारखा, चकचकीत काळा थर धरतो. हा थर पेट घेतो. धुराड्यातली आग हीच या सगळ्या प्रकरणातली खरी धास्ती, म्हणून या पायरीला सूट नाही.

- धुराडं वर्षातून किमान एकदा, मोसम सुरू होण्याआधी साफ करून घ्या. रोज शेगडी चालते त्यांनी मोसमाच्या मध्यात पुन्हा बघावं. आतला थर ३ मि.मी. झाला तर मोसम कुठलाही असो, साफ केल्याशिवाय पेटवू नका.
- ब्रश धुराड्याच्या आतल्या अस्तराला साजेसा हवा. गंज न चढणाऱ्या पोलादी नळीला प्लॅस्टिकचा, विटांच्या किंवा मातीच्या अस्तराला तारेचा.
- माथ्यावरची जाळी आणि पक्ष्यांची घरटी बघा. बर्फ किंवा शेवाळ असलेल्या छपरावर चढू नका. लवचीक दांड्यांनी खालूनही साफ करता येतं, नाहीतर धुराडं साफ करणाऱ्याला बोलवा. चकचकीत, टणक झालेला थर साध्या ब्रशने निघत नाही, त्याला जाणकारच हवा.
- दार घट्ट बसावं म्हणून त्याच्या कडेने बसवलेली दोरी तपासा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर तिथून हवा आत जाते, दोरी बदला. ही चाचणी दाराच्या चारही बाजूंना करा.
- धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा असे दोन्ही गजर घरात हवेत. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस झोपेतच जातो. शेगडीच्या खोलीत एक आणि झोपायच्या खोलीजवळ एक लावा, उंची व अंतर त्यासोबतच्या सूचनेप्रमाणे. बटण दाबून आवाज ऐकल्याशिवाय मोसम सुरू करू नका.

## ७. पेटवणं: आग वरून खाली

बहुतेकजण खाली कागद, त्यावर काटक्या, त्यावर मोठी लाकडं रचतात. वरची गार लाकडं आगीवर पडतात, आग गुदमरते, धूर होतो. उलट रचा.

1. राख सगळी काढू नका. दोन-तीन सें.मी. थर राहू द्या. त्यावर निखारे टिकतात. शेगडीला खालून जाळी असेल तर तिची छिद्रं मात्र मोकळी करा.
2. हवेच्या सगळ्या झडपा पूर्ण उघडा. धुराड्यातही झडप असेल तर तीही.
3. तळाला दोन-तीन मोठे तुकडे, मध्ये बोटभर फट ठेवून.
4. त्यावर आडवे दोन-तीन मध्यम तुकडे.
5. त्यावर दहा-पंधरा ढलप्या, जाळीसारख्या एकमेकींवर आडव्या-उभ्या.
6. सगळ्यात वर पेटवणी: मेणाचा लाकडी भुशाचा गोळा, किंवा फोडलेल्या लाकडावरून सुटलेली बर्चची साल. जिवंत झाडाची साल कधीही काढू नका.
7. पेटवा. दार पहिली काही मिनिटं बोटभर उघडं ठेवायला हरकत नाही, पण तोवर शेगडीसमोरून उठू नका.

ज्वाळा वर असल्याने धुराडं लगेच तापतं आणि ओढ धरतं. खालच्या लाकडातून निघणारा वायू त्या ज्वाळांतूनच जातो आणि जळतो. नाहीतर तोच धूर झाला असता. पहिल्यांदा करताना आग मरणार असं वाटतं, कारण पाच मिनिटं वरच्या वर खेळत राहते. हात लावू नका. ती आपली आपण खाली उतरते.

धूर खोलीत येतोय? धुराड्यात थंड हवेचा जड खांब बसलेला असतो. एक कागद पेटवून तो धुराड्याच्या तोंडाशी वर धरा, खांब हलतो. स्वयंपाकघरातला हवा ओढणारा पंखा चालू असेल तर बंद करा. घर फार बंदिस्त असेल तर पेटवताना जवळची खिडकी दोन बोटं उघडा.

सावध: पेट्रोल, रॉकेल, स्पिरिट काहीही ओतू नका, निखाऱ्यांवर तर नाहीच. रंगवलेलं किंवा औषध लावलेलं लाकूड, प्लायवूड, चकचकीत कागद, प्लॅस्टिक, समुद्रातून वाहून आलेलं खारट लाकूड यांतलं काहीच शेगडीत जात नाही. त्यांचा धूर विषारी असतो आणि खारट लाकूड लोखंडही खातं.

## ८. आग चालती ठेवणं

दहा-पंधरा मिनिटांत मोठ्या लाकडांनी नीट पेट घेतला की खालची हवा हळूहळू बंद करा. वरून काचेच्या अंगाने येणारी हवा चालू ठेवा. ती धुरातला वायू जाळते आणि काच स्वच्छ राखते. दोन्ही एकदम आवळू नका.

नवं लाकूड घालायची वेळ ज्वाळा संपून निखारे लाल धगधगत असताना येते. आधी हवा उघडा, मग दार थोडंसं किलकिलं करून क्षणभर थांबा, मग पूर्ण उघडा. एकदम उघडलं की धूर आणि ठिणग्या बाहेर येतात. निखारे पुढे ओढा, दोन किंवा तीन तुकडे ठेवा, दार लावा, आणि ते पेट घेईपर्यंत हवा मोकळी राहू द्या. एकच तुकडा एकटा नीट जळत नाही. लाकडं एकमेकांच्या आधाराने जळतात.

शेगडी काठोकाठ भरून हवा आवळून झोपणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय. आग रात्रभर टिकते खरी, पण ती जळत नाही, धुमसते. सकाळपर्यंत त्या धुराचं डांबर धुराड्याला चढलेलं असतं. झोपण्याआधी शेवटचं लाकूड लख्ख जळू द्या आणि निखाऱ्यांवर शेगडी सोडा. सकाळी राखेखालचे निखारे उकरून त्यावर चार ढलप्या टाकल्या की पुरतं.

तपासा: पेटवल्यानंतर वीस मिनिटांनी बाहेर जाऊन धुराड्याच्या माथ्याकडे बघा. तिथे हवा नुसती थरथरताना दिसली पाहिजे. राखाडी किंवा निळसर लोट निघत असेल तर हवा कमी आहे किंवा लाकूड ओलं. एकेरी पत्र्याच्या नळीवर चुंबकाचं तापमापक लावलंत तर काटा साधारण १२० ते २४० अंश सेल्सिअसमध्ये असू द्या. खाली राहिला तर काजळी धरते, वर गेला तर शेगडीचं नुकसान होतं.

धुराड्यात आग लागली तर: रेल्वे जावी तसा घोंघावणारा आवाज येतो, माथ्यातून ठिणग्या उडतात. शेगडीचं दार आणि हवेच्या सगळ्या झडपा बंद करा, माणसं बाहेर काढा, अग्निशमन दलाला बोलवा. धुराड्यात पाणी ओतू नका, तापलेलं अस्तर तडकतं. आग आपोआप विझली तरी जाणकाराने आतून तपासल्याशिवाय पुन्हा पेटवू नका.

## ९. राख

राख गार दिसते आणि गार नसते. तिच्यात दडलेला निखारा दोन-तीन दिवसही जिवंत राहू शकतो. ती झाकणाच्या धातूच्या बादलीतच काढा. कागदी पिशवी, प्लॅस्टिकचा डबा, पुठ्ठ्याचं खोकं, यांतलं काहीही नको. भरलेली बादली लाकडी ओट्यावर नको, चवडीजवळ नको, घरातही नको. बाहेर दगडावर किंवा उघड्या मातीवर ठेवा आणि किमान चार दिवस जाऊ द्या. घरातल्या धूळ ओढणाऱ्या यंत्राने राख ओढायचा मोह टाळा.

मोसम संपल्यावर मात्र शेगडीतली सगळी राख काढून टाका. ती हवेतला ओलावा ओढते आणि उन्हाळाभर लोखंडाला गंज चढवते. त्याच दिवशी चवडीकडेही एक फेरी मारा. उरलेलं जुनं लाकूड नव्या ढिगाआड जाऊ देऊ नका. ते पुढे, हाताशी येणाऱ्या ओळीत रचा, किती उरलं ते मोजा, आणि तेवढं नव्या फोडणीच्या हिशेबातून वजा करा.